तिथे आता उजाडतंय

रविवारी दुपारी आजोबांच्या घरात दोनदा ठोके पडत. जिन्याजवळचं मोठं घड्याळ बारा ठोके देई, आणि शेवटचा ठोका हवेत विरायच्या आत जेवणघरातलं लहान घड्याळ सहा ठोके देई. नव्याने आलेल्या माणसाला वाटे, खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर घरात ही बोंब. पण बोंब वगैरे काही नव्हती. मोठं घड्याळ इथलं होतं आणि लहान घड्याळ तिथलं.

तिथलं म्हणजे त्या दूरच्या दरीतलं. आजोबांचे धाकटे भाऊ तरुणपणी मिशनरी होऊन तिकडे गेले, आधी जहाजाने, मग ट्रकने, मग चालत, आणि परत आले नाहीत. तिथेच म्हातारे झाले, तिथेच त्यांना माती दिली. निघताना बंदरावर त्यांनी थोरल्या भावाला सांगितलं होतं की तिकडच्या आणि इकडच्या वेळेत सहा तासांचं अंतर आहे. आजोबांनी घरी येऊन हातपाय धुवायच्या आधी एक घड्याळ सहा तास मागे फिरवलं आणि भिंतीवर टांगलं. मग ठरूनच गेलं, इथे दुपारचे बारा म्हणजे तिथे पहाटेचे सहा. तिथली मंडळी उठून आपल्या दगडी देवळात जमत असणार, त्याच वेळी आपणही त्यांच्यासाठी प्रार्थनेला बसायचं. जेवण नंतर. पोटात कावळे ओरडोत नाहीतर आणखी कुणी, जेवण नंतर.

त्या लहान घड्याळाची तबकडी वहिनीने रंगवली होती. अख्खं घर आणि अर्धी गल्ली तिला वहिनीच म्हणे. ती या घरची सून. तबकड्यांवरचे पुसट झालेले आकडे पुन्हा रंगवायचं दुकानातलं काम तिचं. दोन केसांच्या कुंचल्याने ती असा सात काढी की गिऱ्हाइकाला आपलं घड्याळ ओळखू येऊ नये. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने तिथल्या घड्याळाच्या तबकडीवर, आकड्यांच्या मधोमध, एक डोंगर काढला आणि त्याच्यामागून अर्धा दिसणारा लाल सूर्य. सासरे काही बोलले नाहीत, पण दर रविवारी डोळे मिटायच्या आधी त्या सूर्याकडे बघू लागले. प्रार्थनेची सुरुवात सुनेने करायची असा शिरस्ता तेव्हापासून पडला, आणि तिची सुरुवात ठरलेली असे. "प्रभू, तिथे आता उजाडतंय."

वहिनी शहराबाहेर फारशी गेली नव्हती, पण त्या दरीत तिचं रोज येणंजाणं होतं. आकडे रंगवताना हात आपोआप चालायचा आणि ती तिकडे पोचायची. उतारावरची घरं, झऱ्याकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या, देवळाच्या पत्र्यावरचं दव. पायऱ्या चढून एक निळ्या शालीतली बाई पाणी घेऊन येई. तिचा चेहरा कधी नीट दिसला नाही, पण तिचे गुडघे दुखतात हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या गुडघ्यांसाठी ती इतकी वर्षं मनापासून मागत आली होती. सगळं नेहमी कोवळ्या उन्हात. तिथेही दुपार होते, रात्र होते, हे काय तिला कळत नव्हतं? पण तिने ती कधी पाहिली नव्हती.

त्या रविवारी मात्र सकाळपासून तिला वाटत होतं की आज बारा वाजूच नयेत. कारण होतं आमेन.

या घरात मोठी गोष्ट भांडून ठरत नसे. ती रविवारच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर ठेवायची आणि प्रत्येकाने ऐकू येईल असं आमेन म्हटलं की ठरली. एक जण जरी गप्प राहिला तरी ती पुढच्या रविवारवर जायची, आणि गप्प राहणाऱ्याला कारण विचारायचं नाही. आजोबांच्या वडिलांनी घातलेला हा नियम. दुकान वाढवायचं असो की मुलीचं लग्न, याच चाळणीतून जायचं. नणंदेचं सगळं आयुष्य या चाळणीत अडकलं होतं. विशीत असताना तिला काकांच्या मागोमाग दरीत जाऊन शाळा काढायची होती. तिची आई गप्प राहिली. एक रविवार नव्हे, वर्षभर गप्प राहिली. शेवटी मुलीनेच ती गोष्ट प्रार्थनेत ठेवणं बंद केलं, इथेच शिक्षिका झाली, मग मुख्याध्यापिका झाली, लग्न केलं नाही, आणि शाळेतलं 'हेडबाई' हे नाव घरातही चिकटलं ते चिकटलंच.

आता त्याच चाळणीत टिकटिक होती. वहिनीची एकुलती एक मुलगी. लहानपणी तोंड क्षणभर मिटायची नाही म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. शिकून नर्स झाली होती, आणि बाळंतपणात तिचा हात इतका चांगला की बायका तिची पाळी कधी आहे ते विचारून दवाखान्यात यायच्या. दरीतल्या मंडळीने मिशनच्या कचेरीकडे सुईण मागितली आणि हिने कुणाला न विचारता हात वर केला. गेले कितीतरी रविवार तिची गोष्ट प्रार्थनेत येत होती. आजोबा आमेन म्हणत, हेडबाई म्हणत, वहिनी तर सगळ्यांच्या आधी, खणखणीत म्हणे. गप्प राही तो तिचा नवरा.

आणि खरी मेख इथेच होती. वहिनी एवढं खणखणीत म्हणू शकत होती ती नवरा गप्प होता म्हणूनच. त्याचा तिला पुरा भरवसा होता. त्याच्या आडोशाला उभं राहून फुकटात उदार होता येत होतं. मुलगी गळ्यात पडायची, नणंद कौतुकाने बघायची, आणि पोर घरातच राहायची. "प्रभू, तिथे कामकरी पाठव," असं ती लग्नापासून मागत आली होती. कुणाच्या घरचे, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांच्या, अर्थात.

त्यात गेल्या आठवड्यात दरीतून पाहुणे आले. तिथल्या मंडळीचे पाळक, त्याच लोकांतले. मिशनच्या सभेसाठी आले होते आणि विचारत विचारत थेट दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं मात्र, आजोबांच्या हातातला चिमटा खाली पडला. पाहुणे या घरची भाषा बोलत होते. नुसती भाषा नव्हे, धाकट्या भावाची भाषा. तेच 'बाबा रे', तेच वाक्याच्या शेपटीला 'बरं का', मध्येच 'असो' म्हणून घेतलेला तोच श्वास. आईबाप लहानपणीच गेल्यामुळे ते धाकट्या आजोबांच्या घरात वाढले होते आणि बोलणं त्यांच्याकडूनच शिकले होते. तेव्हापासून आजोबा पाहुण्यांना काहीबाही विचारत आणि उत्तरं डोळे मिटून ऐकत. उत्तरात काय आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं.

वहिनीनेही पाहुण्यांना एकदा हळूच विचारून घेतलं होतं, तुमच्याकडे निळ्या शालीची एक बाई आहे का म्हणून. पाहुण्यांनी बराच विचार केला. आमच्याकडे शाली मेंढीच्या रंगाच्याच असतात, निळी कुणाकडे नाही, बरं का, असं ते म्हणाले आणि तिचा चेहरा बघून त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

सकाळची उपासना आटोपून सगळे घरी आले. वहिनी बटाटे सोलत होती तेव्हा नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तो तिथे कधी येत नसे.

"मी आज म्हणणार आहे," तो म्हणाला.

तिला कळलं होतं, तरी तिने विचारलं, "काय म्हणणार?"

"आमेन."

मग त्याने सांगितलं ते असं. काल तो एका गिऱ्हाइकाचं जुनं मनगटी घड्याळ उघडून बसला होता आणि पाहुणे शेजारी स्टूल ओढून बघत होते. पाहुण्यांनी विचारलं, हे एवढंसं चाक काढून बाजूला ठेवलं तर काय होईल? हा म्हणाला, घड्याळ थांबेल. एवढ्याशा चाकाने? एवढ्याशानेच. पाहुणे त्यावर काहीच बोलले नाहीत, पुढचं चाक बघू लागले. बोलले असते तर बरं झालं असतं, नवरा म्हणाला, वाद तरी घातला असता.

मी काय करू आता, असं वहिनीला विचारायचं होतं. ती म्हणाली, "मीठ संपत आलंय."

"तू पहिल्यापासून तयार होतीस. मलाच जड जात होतं. तुझ्यासारखं मोठं मन मला नाही गं," असं तो म्हणाला आणि गेला. वहिनीने तोच बटाटा सोलून सोलून सुपारीएवढा केला.

हेडबाई ताटं घ्यायला आल्या आणि त्यांनी आधी तो बटाटा पाहिला. "दादा आज म्हणणार आहे," त्या म्हणाल्या. वहिनीने मान हलवली. "म्हणजे आज तुझी पंचाईत."

वहिनीने दचकून वर पाहिलं. हेडबाई शांतपणे ताटं पुसत होत्या.

"माझा जन्म वर्गात गेला, वहिनी. जिला उत्तर येत नाही ती मुलगी सगळ्यात उंच हात वर करते. बाई आपल्याला विचारणार नाहीत अशी खात्री झाली की."

"वन्सं, माझं काही..."

"मी कुणाला सांगणार नाही. आई माझ्या वेळी वर्षभर गप्प बसली. मला तिचा इतका राग यायचा की तिच्या हातचं पाणी नको वाटायचं. पण ती खोटं आमेन कधी म्हणाली नाही, हे मला ती गेल्यावर कळलं." हेडबाईंनी ताटं उचलली. "तू गप्प राहिलीस तर मी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही. खरं म्हणशील तरच म्हण, एवढंच."

पहिल्या रविवारपासून टिकटिकच्या बाजूने कंबर कसून उभ्या असलेल्या हेडबाई आज आपल्याला गप्प बसायची मुभा देऊन गेल्या, याचं वहिनीला नवल वाटलं आणि जरा भीतीही वाटली. मुभा मिळाली की सबब उरत नाही.

टिकटिक आली ती मागून मिठी मारूनच. बाबांचं तिला कळलं होतं. ती काय काय बोलली. गरम मोजे, कात्र्या उकळायचं भांडं, पाहुण्यांकडून शिकलेले तिकडचे चार शब्द. कळ दे, थांब, श्वास घे, मुलगी झाली. एवढे शब्द आले की माझं निभेल, ती हसून म्हणाली. मग आईच्या खांद्यावर हनुवटी ठेवून म्हणाली, "तू पहिल्या दिवशी एवढ्या जोरात म्हणाली नसतीस ना, तर मी त्याच दिवशी माघार घेतली असती." वहिनीने कांदा घेतला आणि चिरायला लागली. डोळ्यांना काहीतरी कारण हवं होतं.

बारा वाजायचे ते वाजलेच. बारा, आणि मागोमाग सहा.

सगळे टेबलाभोवती बसले. आजोबा टोकाला, त्यांच्या उजवीकडे पाहुणे, मग हेडबाई. समोर नवरा, वहिनी आणि टिकटिक. स्वयंपाकाचा वास येत होता आणि ताटं पालथी होती. पडदे ओढलेले असल्यामुळे खोलीत दुपार असूनही दुपार वाटत नसे. रविवारी या वेळी या खोलीत कुठलीच वेळ नसायची, आणि वहिनीला तेच आवडायचं. तिने डोळे मिटले. उन्हातल्या पायऱ्या आल्या, पत्र्यावरचं दव आलं.

"प्रभू, तिथे आता उजाडतंय," ती म्हणाली.

"मावळतंय," पाहुणे हळूच म्हणाले. कुणीतरी पानावर चुकून दुसराच पदार्थ वाढावा आणि आपण अदबीने हात आडवा धरावा, तसं.

प्रार्थनेत या घरात आजवर कुणी मध्ये बोललं नव्हतं. एकेक करून सगळ्यांचे डोळे उघडले. पाहुणे अवघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. "चुकलो असेन तर माफ करा. आठवडाभर हे घड्याळ बघतोय, मनात म्हणत होतो, काय सुरेख मावळतीचा सूर्य काढलाय. आता या घडीला आमच्याकडे अगदी असंच आहे. सूर्य डोंगराआड चाललाय, मेंढ्या घरी येताहेत."

"सकाळचे सहा ना?" नवऱ्याने विचारलं.

"संध्याकाळचे, बाबा रे. आम्ही तुमच्या आधी उठतो. सूर्य आधी आमच्याकडे येतो, मग तुमच्याकडे."

नवरा उठला, घड्याळ खाली काढून टेबलावर ठेवलं, काच उघडली आणि बोटाने काटे सहा तास पुढे फिरवले. मग मूळ जागी आणून सहा तास मागे फिरवले. दोन्ही वेळा काटे एकाच ठिकाणी येऊन थांबले. त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. घड्याळ चुकलेलं नव्हतंच. मागे लावा की पुढे लावा, काटे तेच दाखवणार. म्हणून तर आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सहा बरोबर होते, फक्त सकाळ नव्हती. हेडबाईंनी तोंडावर हात ठेवला. अर्ध्या गावाला भूगोल त्यांनी शिकवला होता, पृथ्वी कशी फिरते ते संत्रं हातात धरून दाखवलं होतं. पण या घरात देवाबद्दल एखादी शंका काढलेली चालून गेली असती, आजोबांनी लावलेल्या घड्याळाबद्दल नाही.

वहिनीच्या मनात मात्र त्या क्षणी काय आलं, ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. तिला हायसं वाटलं. डोक्यावरचं गाठोडं कुणीतरी अलगद उतरवून घ्यावं तसं हायसं.

"म्हणजे आपण इतकी वर्षं भलत्याच वेळी बसत होतो," ती म्हणाली. आवाज अगदी समजूतदार आला. "त्यांची मंडळी देवळात जमते तेव्हा आपण इथे गाढ झोपलेले. आणि आपण बसतो तेव्हा तिथे देऊळ बंद. मग आज हे राहू दे ना. एवढी मोठी गोष्ट अशी गोंधळात कशाला ठरवायची? टिकटिकचं पुढच्या रविवारी ठेवू, सगळं नीट समजून घेऊन."

नवरा मान हलवू लागला. तोही सुटलाच असता. टिकटिकने आईकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे जावं ते न कळल्यासारखं तिथेच राहिलं. हेडबाईंनी कुणाकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात आजोबा बोलले. त्यांचा आवाज इतका बारीक कधी झाला नव्हता.

"म्हणजे तो एकटाच होता," ते म्हणाले. "मी समजत होतो, सकाळी तो देवळात उभा राहतो तेव्हा मी त्याच्या बाजूला असतो. एक रविवार चुकवला नाही मी. आणि त्या वेळी इथे कुणी जागंसुद्धा नव्हतं."

पाहुण्यांनी आजोबांचा हात आपल्या हातात घेतला.

"त्यांना ठाऊक होतं, बरं का," ते म्हणाले. "वेळेचा त्यांचा घोळ नव्हता. रविवारी दिवे लागायच्या सुमाराला ते देवळाच्या पायरीवर येऊन बसायचे. मी लहान होतो, विचारायचो, इथे काय करता? तर म्हणायचे, बाबा रे, घरी बारा वाजले. बसले असतील सगळे माझ्यासाठी. भुकेले असतील बिचारे. मग जरा वेळ गप्प बसायचे आणि म्हणायचे, चला, जेवले. आणि उठायचे. आजारी होते तेव्हासुद्धा मला उचलून न्यायला लावायचे, पण रविवारची पायरी चुकली नाही."

आजोबा रडू लागले. म्हातारी माणसं रडतात तसे, आवाज न करता, डोळे पुसायचंही न सुचता. नवऱ्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

"आणि सकाळची सोबत आम्हाला लागत नाही," पाहुणे म्हणाले. "सकाळी सगळे असतात. ऊन असतं, वाट उघडी असते. आमच्याकडे वाईट ती संध्याकाळ. अंधार पडला की कड्यावरची वाट बंद होते. मग कुणाला काही झालं तर उजाडेपर्यंत तसंच. असो. माझी बायको अशाच संध्याकाळी गेली. पहिलं बाळंतपण होतं, मूल आडवं आलं होतं. रविवार होता. मी पायरीवर त्यांच्याजवळ बसलो होतो. घरात बायकांनी येऊ दिलं नाही. ते म्हणाले, घरी आत्ता सगळे बसलेत, तुझ्यासाठीही मागताहेत. मला खरंच आधार वाटला, बरं का. आजही आठवलं की वाटतो. पण तिला बाळंतपण जाणणारं कुणी हवं होतं, आणि तसं दरीत कुणी नव्हतं."

"मग आम्ही मागत होतो त्याचं काय झालं?" वहिनीने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"सोबत पोचली," पाहुणे म्हणाले. "माणूस नाही पोचलं. तेच मागायला आलोय."

वहिनीने डोळे मिटले ते प्रार्थनेसाठी नव्हे, कुणाकडे बघावं लागू नये म्हणून. आणि सवयीने ती दरीत पोचली. पण ऊन नव्हतं. पायऱ्या होत्या, त्यांच्या कडा अंधारात विरत चालल्या होत्या. झऱ्याचा आवाज दिवसापेक्षा मोठा येत होता. निळ्या शालीची बाई कुठेच नव्हती. उतारावर एकेका घरात दिवा लागत होता, आणि एका दारातून कण्हण्याचा आवाज येत होता. ती त्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत जायला तिला कुणी अडवलं नाही. पण आत जाऊन ती काय करणार? तिच्या हातात दोन केसांचा कुंचला होता. तिला आकडे रंगवता येत होते, सूर्य काढता येत होता. श्वास घे, कळ दे, एवढे शब्दसुद्धा तिला त्या लोकांच्या भाषेत येत नव्हते.

ज्या मुलीला ते येत होते तिचं कोपर इथे टेबलाखाली तिच्या कोपराला लागलेलं होतं. एरवी क्षणभर गप्प न बसणारी पोर मघापासून एक अक्षर बोलली नव्हती.

"प्रभू," वहिनी म्हणाली, आणि सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले. "तिथे आता अंधार पडतोय."

तिने टेबलाखाली मुलीचं कोपर धरलं.

"मी लग्न होऊन आल्यापासून तिथे कामकरी पाठव म्हणत आलेय. दुसऱ्यांची मुलं मागत होते मी. तुला ते ठाऊक होतंच, आज यांनाही सांगते. गेले सगळे रविवार मी आमेन म्हणाले ते हे गप्प होते म्हणून. ही माझी आहे. मला ती द्यायची नाही. मघाशी एक सबब सापडली होती, तीही गेली." तिने श्वास घेतला. "तिथे संध्याकाळ वाईट असते म्हणतात. हिला घेऊन जा. पण तिला अंधारात एकटी बसवू नकोस."

पहिल्यांदा आमेन म्हणाले पाहुणे. मग हेडबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात विशीतली कुणी मुलगी असल्यासारखं वाटलं. नवरा म्हणाला. आजोबा म्हणाले. नेहमी सगळ्यांच्या आधी ऐकू येणारा आवाज तेवढा राहिला होता, आणि सगळे थांबले. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. घाई करायची नाही, कारण विचारायचं नाही, नियम होता तो.

वहिनी आमेन म्हणाली. खणखणीत नाही, शेजारच्या खोलीत कुणी असतं तर ऐकू गेलं नसतं इतकं हळू.

आजोबांना अलीकडे कमी ऐकू यायचं. "म्हणाली का?" त्यांनी विचारलं.

"म्हणाली," हेडबाई म्हणाल्या.

मग खुर्च्या सरकल्या, ताटं उताणी झाली. नवऱ्याने काच पुसून घड्याळ पुन्हा भिंतीवर टांगलं; काटे जिथे होते तिथेच होते, लाल सूर्यही डोंगरावर अर्धा होता तसाच होता. वहिनीने सगळ्यांना वाढलं. टिकटिकच्या ताटात वाढताना ती जरा थांबली.

"रविवारी दिवे लागले की देवळाच्या पायरीवर येऊन बसायचं," ती म्हणाली. "अंगावर काहीतरी घेऊन बस, गार असेल. आणि आम्ही जेवलो असं वाटेपर्यंत उठू नकोस."